पत्नीच्या आधी संगणकाला कळलेलं

नोकरीतले बरेच तपास आता पुसट झालेत. सेलूचा तो एक मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

साठीतले एक कापूस व्यापारी सकाळी घरातून गेले ते परतलेच नाहीत. मोबाइल घरीच होता. मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. मुलाने ठाण्यात येऊन बेपत्ता झाल्याची नोंद केली. दुपारी निनावी फोन आला: आदल्या दिवशी शेजाऱ्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

शेजाऱ्याला बोलावून मी दोन तास उलटसुलट विचारलं. तो एकाच गोष्टीवर ठाम होता.

"भांडण झालं, खोटं कशाला बोलू साहेब? पण बोलता बोलता त्याचा आवाजच बसला. पाणी मागितलं. मीच आणून दिलं."

खोटं बोलणारा माणूस असं काही सांगत नाही. मी त्याला बसवून ठेवलं आणि महिला हवालदारासह व्यापाऱ्यांच्या घरी गेलो. घरच्या संगणकावर पाहिलेल्या पानांची यादी कोरी होती. हवालदार बाईंनी कापसाच्या भावाचं पान उघडलं. बाजूला जाहिरात होती, घशाच्या कर्करोगावरील उपचारांची. हवामानाचं पान उघडलं, तिथेही तेच रुग्णालय. बातम्यांतही तेच.

"यादी पुसली साहेब, पण कुकीज राहिल्या," त्या म्हणाल्या. "आपण पान पाहिलं की ब्राउझरमध्ये एक बारीक नोंद राहते. तिच्यावरून जाहिरातवाले ओळखतात आणि जाल तिथं तेच दाखवतात."

मी थक्क होऊन पाहत राहिलो. मागे व्यापाऱ्यांची पत्नी उभी होती.

"मला तर नुसता खोकला हाय म्हणले," ती संगणकाकडे पाहत हळूच म्हणाली. "याला माझ्या आधी कळलं?"

मी जाहिरातीतलं रुग्णालयाचं नाव आणि शहर टिपून घेतलं.

त्या शहरातल्या पोलिसांनी रुग्णालयात चौकशी केली. व्यापारी तिथेच तपासणीसाठी दाखल होते. मी शेजाऱ्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा शेजारी आपणहून गाडीत येऊन बसला. आम्हाला पाहताच व्यापाऱ्यांनी मान खाली घातली.

"लग्न झाल्यावर सांगणार होतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "फोन जवळ असता तर आवाजातली भीती बायकोने ओळखली असती."

शेजाऱ्याने पुढे होऊन त्यांची पिशवी उचलली.

लग्न ठरल्या दिवशी झालं, उपचारही सुरू झाले. हवालदार बाईंकडून मी कुकीज पुसायला शिकलो, आजही नेमाने पुसतो. आयुष्यभर माणसांकडून माहिती काढली, त्याचा थोडा अभिमानही होता. पण एका माणसाने सगळ्या घरापासून लपवलेली भीती कुण्या दूरच्या यंत्राने न विचारता टिपून ठेवली होती. त्या भीतीबद्दल त्याला काळजीने विचारणारं मात्र त्या यंत्रामागे कुणी नव्हतं. ते काम माणसांनाच करावं लागतं, हे मी त्या तपासात शिकलो.