रोवणीच्या ओळीतलं इंग्रजी

माझ्या सुनेची इंग्रजीची परीक्षा आमच्या घरातल्या तिघांनी मिळून दिली. उमेदवार ती एकटीच होती.

आम्ही मूल तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मी हायस्कुलातून निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर. म्हणजे ज्याला शिकवायला कुणी उरलेलं नाही, पण शिकवायची खोड गेलेली नाही, असा धोकादायक इसम. मुलगा ऊर्जानगरला कामावर असतो, रविवारी घरी येतो. एरवी घरात मी, माझी बायको सुमित्रा आणि सून वैशाली.

वैशालीला जंगलात गाइड व्हायचं होतं. खाकी गणवेश घालायचा, उघड्या जिप्सी गाडीत पुढं बसायचं आणि पर्यटकांना जंगल दाखवायचं. लग्नाआधीपासूनचं तिच्या मनातलं हे. एकदा भाजी निवडता निवडता ती मला, म्हणजे सासऱ्याला, म्हणाली, "मामाजी, या घरात मले कमी काई नाई. पण वाटते का आपलं सोताचं काई तरी..." पुढचं सुमित्रानं पूर्ण केलं, "पायजे. तर मंग भर ना अर्ज!" अर्ज भरला गेला. जागा मोजक्या होत्या आणि पाऊस सरून जंगलाचं गेट उघडायच्या आत इंग्रजीत तोंडी परीक्षा होणार होती. वैशालीचं इंग्रजी बारावीपर्यंतचं, तेही पेपरापुरतं.

मी बाह्या सरसावल्या.

इंग्रजी क्रियापदांवर माझा फार जीव आहे. (सुमित्रा म्हणते, माणसांपेक्षा जास्त.) प्रत्येकाचा स्वभाव निराळा. काही एकटी सुखी असतात. 'स्लीप' म्हटलं की माणूस झोपला, विषय संपला. काहींच्या हातात एखादी वस्तू दिल्याशिवाय ती हलत नाहीत. आणि काहींना वस्तू देऊनही समाधान नाही. त्या वस्तूचं पुढं झालं काय, तेही सांगा म्हणतात. 'मेक' त्यातलं. 'द हीट मेक्स द टायगर' एवढ्यावर थांबलात, तर उकाड्यानं वाघ बनवला असं होतं. पुढं 'अँग्री' आलं की वाघ पुन्हा वाघासारखा वागू लागतो. मेक, कीप, फाइंड, लीव्ह. एवढी चार क्रियापदं, त्यांच्यापुढं एक नाम आणि त्यापुढं एक विशेषण. एवढ्यावर अख्खं जंगल दाखवता येतं, असं माझं ठाम मत होतं आणि अजूनही आहे.

पण शिकवायचं कधी? धानाची रोवणी ऐन भरात होती. वैशाली सकाळी बांधीत, म्हणजे भातखाचरात उतरायची ती सायंकाळी चिखलानं माखून वर यायची आणि जेवता जेवता पेंगायची. मग मीच छत्री घेऊन बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो.

बांधीत चौघी ओळीनं वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत मागं मागं सरकत होत्या. पहिली शेजारची कौसल्याबाई, मग गावातलीच रेखा, मग वैशाली, शेवटी सुमित्रा. मी वरून वाक्य सांगायचो, वैशाली म्हणायची. थोड्या वेळात कौसल्याबाई कंबर धरून उभी राहिली.

"गुरुजी, तिलेच काऊन शिकवून राह्यले? आमी का पाप केलं जी?"

माझी छाती फुगली. एवढा उत्सुक वर्ग मला नोकरीत कधी मिळाला नव्हता! मी तिथल्या तिथं पद्धत शोधून काढली. ओळ चौघींची, वाक्याचे भागही चार. कौसल्याबाईनं कर्ता म्हणायचा, रेखानं क्रियापद, वैशालीनं नाम, सुमित्रानं विशेषण. रोवताना जागा कुणी बदलत नाही, त्यामुळं गोंधळ व्हायचा प्रश्नच नव्हता.

"द हीट," कौसल्याबाई म्हणायची.

"मेक्स," रेखा.

"द टायगर," वैशाली.

"अँग्री!" सुमित्रा. तिचा आवाज पलीकडच्या बांधीतल्या बैलांपर्यंत जायचा.

काय सांगू, गाण्यासारखी लय लागली. हात चिखलात, तोंडात इंग्रजी. बाजूच्या बांधीतल्या बाया कामं टाकून ऐकायला येऊ लागल्या. मी छत्री मिटून तिच्या दांड्यानं ताल धरू लागलो आणि भिजलो. सुमित्रा एकदाच कुरकुरली, "अवो, तुमच्या वाघापायी रोवा वाकडा होऊन राह्यला," पण तिचं विशेषण तिनं कधी चुकवलं नाही. चारही बांध्या हिरव्या झाल्या तेव्हा माझ्या वर्गात एकही वाक्य अडत नव्हतं. वैशाली पास होणार, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं, पेढ्यांची ऑर्डर तेवढी द्यायची बाकी होती.

परीक्षा जंगलाच्या गेटजवळ होती. मांडवात टेबल, टेबलामागं एक अधिकारी मॅडम. घरच्यांनी बाजूच्या निंबाखाली थांबायचं होतं. सुमित्रा डबा घेऊन आली होती आणि मी उगाच आलो होतो.

वैशालीचा नंबर लागला. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, पर्यटक गोंगाट करू लागले तर तुम्ही काय कराल?

वैशाली हात जोडून उभी. चेहरा शांत. पण बोलेना. मला वाटलं, आठवत असेल. पण ती आठवत नव्हती हो, ती वाट बघत होती! तिच्या आधी कौसल्याबाई बोलायची आणि रेखा बोलायची. त्या दोघी बोलल्याशिवाय हिची पाळी कशी येणार?

माझ्यानं राहवलं नाही. "वुई कीप," मी निंबाखालून म्हणालो.

"द जिप्सी," वैशाली ताबडतोब म्हणाली आणि थांबली.

"क्वाएट!" सुमित्रा डब्यासकट ओरडली.

मांडवातलं सगळं खरोखरच क्वाएट झालं. मॅडमनी आवाज कुठून आला ते शोधलं, आम्ही झाडाकडं बघू लागलो. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, उन्हाळ्यात वाघ कसा असतो? मी तोंडावर हात दाबून धरला. तर सुमित्रानं कोपरानं ढोसलं.

"कौसल्याबाई नाई आली न आज. तिचं तुमीच म्हना ना!"

"द हीट मेक्स," माझ्या तोंडून निसटलं.

"द टायगर."

"अँग्री!"

बाकीच्या उमेदवारांचे घरचे पोट धरून हसत होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि साध्या मराठीत विचारलं, "नाव काय तुमचं?"

वैशालीनं वळून आमच्याकडं बघितलं.

तेव्हा मात्र माझ्या ध्यानात आलं. स्वतःचं नाव सांगायलाही ती आम्हा दोघांची वाट बघत होती. मला आमचं घर दिसलं. सकाळी चहा काय करायचा इथपासून रविवारी कुठं जायचं इथपर्यंत, बोलायला सुरुवात मी करतो आणि शेवट सुमित्रा करते. मधल्या जागेत वैशाली असते, एखाद-दुसऱ्या शब्दापुरती. रोवणीच्या ओळीत तिला मी तिसरी जागा दिली असं मला वाटत होतं, पण ती जागा तिला लग्नापासूनच दिलेली होती. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

"तुम्ही दोघं जरा गेटबाहेर जाऊन थांबता का?" मॅडम आम्हाला म्हणाल्या. आम्ही गेलो. तिथून काही ऐकू येत नव्हतं. सुमित्रानं डबा उघडला नाही. मी उगाच फाटकाची रंगवलेली पाटी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

"तिचं काई झालं नाई तर?" सुमित्रानं विचारलं.

बऱ्याच वेळानं वैशाली बाहेर आली. धावत नव्हती, पण चालणं धावण्यासारखंच होतं.

"झालं मामाजी! ट्रेनिंगले बोलावलं मले!"

सुमित्रानं तिला पोटाशी धरलं. मी डोळे पुसले आणि मास्तरच तो, लगेच विचारलं, "पण बोललीस कशी? सुरुवात कोणी करून दिली?"

ती जरा लाजली. "तुमी गेल्यावर मॅडमनं विचारलं, व्हाय वेअर यू सायलेंट? मंग मी सांगतलं, माय फादर-इन-लॉ मेक्स मी नर्व्हस. मॅडम लय हासल्या. मंग बाकीचं समदं आपोआप येत गेलं."

मी ते वाक्य मनात तपासलं. कर्ता जागच्या जागी. क्रियापदाला एस लावलेला. नामाच्या जागी सर्वनाम, त्यापुढं विशेषण. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

"काय म्हटलं जी तिनं तुमच्याबद्दल?" सुमित्रा विचारू लागली. "सांगा ना, काय म्हटलं?"

"वाक्य बरोबर आहे," मी म्हणालो आणि बस स्टँडकडं चालू लागलो.