पहाटे मोजलेली लाइन

मीटरबाईचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, कारण कंपनीला इंटरनेटची लाइन त्याच वेळी मोजून हवी असे. सगळे झोपलेले, लाइन रिकामी. शिडी खांबाला दोरीने आवळून ती वर चढे, पेटीत मीटर लावी. आकडा दरवेळी भरभक्कम. त्यावर साहेब लाइन भरवशाची ठरवून मोकळे.

संध्याकाळी घरोघरी टीव्ही, फोन सुरू झाले की तीच लाइन कधी निम्मी वाहायची, कधी थेंबथेंब. हे तिच्या घरात सगळ्यांत आधी कळे. नवरा शिंपी, जन्मापासून ऐकू न येणारा. लेक परगावी कामाला. बापलेकीचं बोलणं हातांनी, फोनच्या पडद्यावर. लाइन आटली की आवाज येत राही, चित्र थिजे.

एका संध्याकाळी लेकीने खुणेने सुरुवात केली, "बाबा, मला इथं..." आणि तिचा हात हवेतच अडकला.

"काय गं, काय म्हणत होतीस?" आईने फोनवरच विचारलं.

"काही नाही. तू जेवलीस का?"

जे सांगायचं ते बापालाच. तो मात्र मशीन थांबवून तीच अर्धी खूण करून बघत बसे.

मीटरबाईने काम संपल्यावर पुन्हा शिडी लावली, संध्याकाळची लाइन मोजली आणि आकडा साहेबांसमोर ठेवला.

"पेटीवरचा दिवा हिरवा आहे ना? आवाज जातो ना?" साहेब म्हणाले.

"माझ्या नवऱ्याला आवाज काय कामाचा?"

"मग त्यांच्यासाठी मुकी लाइन टाकू?"

"संध्याकाळी मोजा, एवढंच म्हणतेय."

"बाई, मला कळत नाही का? संध्याकाळी मोजली तर वरचे मला मोजतील. पहाटेच्या आकड्यावर सही करा."

"चढायचं मी, उतरायचं मी, आणि खोटंही मीच बोलायचं? नाही करत."

"मग बसा आठवडाभर घरी. बिनपगारी."

तिने शिडी पुसून जागेवर ठेवली. शिडीने काही केलं नव्हतं. झालेल्या दिवसांचे पैसे घेतले आणि थेट गाडीची दोन तिकिटं काढली. जन्मभर लाइनी मोजल्या आणि लेकीचं एक वाक्य पुरं व्हायला गाडीत बसावं लागतंय, ही चीड तिला वाटभर पुरली.

लेकीने दार उघडलं. बापाने आपला हात हवेत नेमका तिथंच धरला, जिथं तिचा अडकला होता.

लेकीने खूण पुरी केली. करमत नाही.

परतताना मीटरबाईने तीन तिकिटं काढली.