चिकट राहिलेला राजहंस

सावळाराम भोईर लबाड माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. शेलार गावचा हा गडी तरुणपणी कामतघरला कापडाच्या लूमवर होता. लूम बंद पडले तसा मानकोली नाक्यावर फायबरच्या कामाला लागला आणि त्यात त्याने नाव काढलं. दूध-आइस्क्रीमच्या गाड्यांचे पांढरे डबे गोदामाच्या धक्क्याला घासून खरवडले, की ड्रायव्हर थेट त्याच्याकडे येत. फायबरवरची ती चकचकीत कातडी म्हणजे जेलकोट. ओरखडा किती खोल गेलाय ते तो नुसतं नख लावून सांगायचा, आणि दुसऱ्याच्या कामावर तळहात फिरवून नाक मुरडायचा. गाव त्याला मिस्त्री म्हणे. ते त्याला फार आवडे.

गावातल्या मोरूचा भाड्याने द्यायचा लग्नाचा रथ म्हणजे जीपवर बसवलेला फायबरचा राजहंस. शेजारच्या लडकूच्या मुलीचं, पूर्वीचं, लग्न ठरलं, रथ सांगून झाला, आणि ऐन हळदीच्या दिवशी मोरूने तो मागे घेताना फाटकावर आदळला. हंसाच्या पाठीचं, नवरी टेकून बसते नेमकं तिथलंच, हातभर साल निघालं. सावळारामने जागा घासली, भरली, रंग जुळवून जेलकोटचा हात मारला. आता हवा लागली की जेलकोटचा वरचा थर चिकट राहतो. म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळायचं, नाहीतर वर प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचा. मेण संपलं होतं. कागद बसवायला निवांतपणा लागतो, आणि तिकडे हळदीचा बँजो सुरू झाला होता. त्याने त्या चिकट अंगावर टाल्कम पावडर मारली आणि फडक्याने चोळली. हाताला गुळगुळीत लागलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर त्याला याने नाक्यावर उभं राहू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं ऊन, पुढे नाचणारी पोरं, आणि रथ मुंगीच्या पावलाने. पूर्वी टेकून बसली ती बसली. मांडवाशी उतरायची वेळ आली तर तिला उठता येईना. करवल्यांनी ओढून उठवलं, तेव्हा शालूचे जरीचे धागे हंसाच्या पाठीला राहिले आणि शालूवर पांढरा चिकट पट्टा उमटला.

पूर्वीची आजी बायजाबाई, तोंडाची फटकळ. तिने रथ सजवणाऱ्या गुणाबाईलाच धरलं. कामतघरच्या चाळीत राहून लग्नाची फुलं पुरवणारी ही बाई. गोंद फासला असशील, नवरीचा शालू नासवलास, पुन्हा या गावात फुलं घेऊन आलीस तर बघ, असं बरंच काही म्हातारी बोलली. गुणाबाई ठासून सांगत होती की मी गोंदाला हात लावत नाही, सगळं दोऱ्याने बांधते. दोरे उचलून दाखवलेही. ऐकतंय कोण?

शेवटी लडकू सावळारामकडे वळला. "मिस्त्री, तुला कलतं यातलं. गोंदच ना रं?"

सावळाराम वाकला. आपल्याच कामाचा उग्र वास नाकात शिरला. सगळा मांडव त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"असंल," तो म्हणाला. "गोंदच असंल."

एवढा वेळ भांडणाऱ्या गुणाबाईने स्वतःची बोटं नाकाशी धरून हुंगली. "मिस्त्री बोलले म्हंजे असंलच. माला बाजारातून आनल्या, त्यांना कुनी लावला असंल. मी बघाया पायजे व्हता." बायजाबाईपुढे हात जोडून ती न जेवताच निघून गेली.

तिने खोटारडा म्हटलं असतं, तर सावळारामने ते रेटून नेलं असतं. पण या बाईने याच्या शब्दावर स्वतःच्या हातांना खोटं ठरवलं. तो जेवायला बसला खरा, पण भरल्या पंगतीतून उठून त्याने लडकूला बाजूला घेतलं आणि मेण, कागद, पावडर, सगळं ओकून टाकलं.

लडकूने ऐकून घेतलं. "चुकी कुनाची व्हत न्हाय? पन मगाशी गोंद क्याला बोललास?"

"मिस्त्री म्हनता ना मना."

लडकूला यावर हसू आलं नाही. मला सांगून काय उपयोग, तिला जाऊन सांग, एवढंच म्हणून तो वाढप्यांकडे गेला.

सकाळी सावळाराम कामतघरला पोचला. गुणाबाई दारात झेंडू ओवत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, तिच्याकडे न बघता. तिने हातातली माळ पुरी केली, दोरा दाताने तोडला.

"माज्या दारात बोलून भागनार न्हाय. त्या म्हातारीसमोर बोला. मांडवात बोललं तसं, मोठ्यानं."

टोपली शेजारणीकडे देऊन ती पदर खोचत नाक्यावर आली. रिक्षा थांबली. गुणाबाई मागे बसली, त्याला जागा ठेवून सरकली. सावळाराम पुढे ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला अंग चोरून बसला. मागे जागा आहे की काका, असं रिक्षावाल्याने सांगून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "शेलार."