पुठ्ठ्यामागचा डाग

"हंडा घेऊन मागून जा. आतून न्हाई."

आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. मी त्याच संस्थेत कम्प्युटरवर बसणारी. आणि हंडा होता माझ्या मायच्या डोक्यावर. पायऱ्यांच्या खाली ती उभी होती, भर दुपारी, मानेच्या शिरा ताणलेल्या. आदल्या दिवशी आमच्या वस्तीवर टँकर आला होता. रेटारेटी करून, शिव्या खाऊन तिनं ते पाणी भरलं होतं. आता ते संस्थेच्या मागच्या एका खड्ड्यात ओतायचं होतं. कम्प्युटरसाठी.

माय भिंतीला वळसा घालून मागं गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं हंडा पालथा केला आणि पाणी दिसेनासं झालं तरी ती खड्ड्यात बघत राहिली. मला लाज वाटली. तिची नाही, माझी. माझ्यासाठी ती हे करत होती.

आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या अंगाला. साल दुष्काळाचं. निम्मी जनावरं चारा छावणीत गेलेली, तरी सकाळ-संध्याकाळ संस्थेपुढं कॅनची रांग लागायचीच. चेअरमन अण्णा साखर कारखान्यावरही संचालक होते. कारखान्यानं मोडीत काढलेला एक कम्प्युटर त्यांनी गाडीत घालून आणला आणि आपली संस्था आता हायटेक झाली म्हणून गावभर सांगितलं. त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकणच नव्हतं. तिथं साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा सुतळीनं बांधला होता. असं ते हायटेक.

चालवणार कोण? आप्पांचा पुतण्या बाळू अंबाजोगाईला कोर्सला गेला होता, तो अर्ध्यातून परत आला. मी केजला कोर्स पुरा केला होता. शिवाय दुपारी स्टँडजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसायचे. दुकानवाले चाचा मेलेली मशीनं माझ्यापुढं ठेवायचे. म्हणायचे, "पैले मशीन की सुन बेटा, मालिक की बाद में."

अण्णांनी मला बोलावून काम दिलं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि आमच्या वस्तीची मतं एकगठ्ठा होती. नोकरी मला नाही, मतांना मिळाली, हे मी तेव्हाच ओळखलं. पण रानात काम नव्हतं, घरात दुसरी मिळकत नव्हती. ओळखून करते काय? त्या खुर्चीवर आमचं घर चालणार होतं.

खुर्चीसुद्धा माझी वेगळी होती. मी घरी गेले की ती ओसरीत उलटी करून ठेवली जायची. आप्पा म्हणाले, झुरळं होत्यात. आत पाण्याचा माठ होता, मी घरून बाटली न्यायचे. दुधाची पावती मी कुणाच्या हातात द्यायची नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, मग तो माणूस उचलणार. आप्पा म्हणाले, गर्दीत सोयीचं पडतं. आमच्या वस्तीचं दूध संस्थेत घेत नसत, त्यालाही असंच काहीतरी कारण होतं. प्रत्येक गोष्टीला आप्पांकडं एक गोड कारण तयार असायचं. मला संशय यायचा. पण ज्याच्यावर संशय घ्यायचा तोच पगार देणारा असला की माणूस संशय गिळतो. मी गिळत होते.

एक दिवस आप्पा म्हणाले, "दोन दिस येऊ नको. संस्थेत पूजा हाय, पावसासाठी."

मी गेले नाही. सुट्टी मिळाली म्हणून बरंसुद्धा वाटलं. पूजा झाल्यावर गेले आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. आतून लांब शिटी, थांबून पुन्हा शिटी. चाचांच्या दुकानात ही शिटी मी खूपदा ऐकली होती. रॅमची पट्टी आत नीट लागत नसली की मशीन असं बोंबलतं.

आप्पा धावत आले. "काय केलंस?"

"आत्ताच आले मी."

"मग बंद कावून पडलं? हात तर तुझाच लागतो त्याला."

"आप्पा, पुठ्ठा काढून बघते. पट्टी ढिली झाली असंल."

"काय काढू नको! आधी इचारतो."

त्यांनी कारखान्यातल्या कुणा साहेबाला फोन लावला. साहेबानं मशीन न बघताच निदान केलं. दुष्काळात अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात, पाणी ओता. मी म्हणाले, शिटी रॅमची आहे. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ती शिटी वाजवत होते.

संस्थेची टाकी भरलेली होती. पण ते पाणी कॅन धुवायचं. आप्पा म्हणाले, "तुमच्याकडं काल टँकर आलता न्हवं? आण जा हंडाभर."

मी घरी गेले. मायनं विचारलं, "मशीन पाणी पितं व्हय गं?"

"मशीन न्हाई माय. जमीन पिती. तिच्यातून करंट जातो."

"जमीन तर समदीच तहानलीया. तिथलीच कावून?"

मी हंडा नेला, ओतला. शिटी तशीच. आप्पा म्हणाले, एकानं काय व्हतंय. निरोप पाठवून मायला दुसरा हंडा आणायला लावला, तोच तो मागून नेलेला. त्यानंही काही झालं नाही. तेव्हा बाळू म्हणाला, "आप्पा, त्यांच्या वस्तीचं पाणी चालत नसंल मशीनला."

दूध घालायला लवकर आलेली माणसं ओसरीत बसली होती. ती हसली. आप्पाही हसले. माय मागून पुढं आली होती, रिकामा हंडा काखेत घेऊन पायरीखाली बसली होती. तिनं ऐकलं. पदरानं तोंड पुसलं आणि दुसरीकडं बघायला लागली. "आणखी एक आणावा लागंल," आप्पा तिला म्हणाले. आणि ती उठायला लागली!

माझं डोकं फिरलं. "माय, बस तिथंच," मी म्हणाले. टेबलाशी गेले आणि कुणाला न विचारता सुतळी सोडली.

पुठ्ठा बाजूला केला आणि वास आला. आधी मला कळेना. गोठ्याचा वास कम्प्युटरमधून कसा येईल? पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला पिवळट डाग होते, ओघळून वाळलेले. आतल्या हिरव्या पाटीवर डाग. रॅमच्या पट्टीवर डाग, तिच्या पितळी दातांवर पांढरा क्षार. कीबोर्ड उलटा करून हुंगला. त्यालाही तोच वास. मग मी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडं बघितलं. काच लख्ख होती. माठ स्वच्छ. आप्पांचं टेबल स्वच्छ.

मी माझ्या खुर्चीवर बसले.

"आप्पा, हे काय हाय?"

"गोमूत्र हाय. पूजेच्या आधी समदीकडं शिंपडत्यात."

"समदीकडं कुठं? तुमच्या टेबलावर एक थेंब न्हाई. मशीनवर तर वतल्यागत हाय."

"जिथं लागतं तिथं जास्ती शिंपडावं लागतं," आप्पा म्हणाले. अगदी शांतपणे. त्यात दडवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

म्हणजे खुर्ची झुरळांसाठी उलटी नव्हती. पावती गर्दीसाठी कट्ट्यावर नव्हती. मला सगळं ठाऊकच होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि नाकात वास जाणं वेगळं. मी दोन दिवस घरी मजेत होते आणि इथं हे लोक माझ्या बोटांच्या खुणा धुऊन काढत होते. त्यात मशीन मेलं. मग त्याचा आळही माझ्यावरच, आणि ते जिवंत करायला पाणी माझ्या मायच्या हंड्यातलं. मला रडू आलं नाही. संताप आला.

तोवर अण्णा आले; आप्पांनी दारातच त्यांना सगळं सांगितलं. बाहेर कॅनची रांग लागली होती. अण्णांचा आवाज नेहमी मऊ. मत मागताना तसाच, माणूस हाकलतानाही तसाच.

"पोरी, राग धरू नको. जुनी रीत हाय, कुणाच्या मनात काय न्हाई. तुला येतंय न्हवं? घे पुसून आन कर चालू. लोकं खोळंबलीत."

मला येत होतं. खोडरबरानं पट्टीचे दात घासायचे, ब्रशनं खाच साफ करायची, पट्टी दाबून बसवायची. फार मोठं काम नव्हतं. पण माझी आजी यांच्या गोठ्यातलं शेण काढत मेली. मायनं यांच्या लग्नातली उष्टी काढली. मी शिकले, सर्टिफिकेट घेतलं, आणि अण्णा मला सांगत होते काय? घे पुसून. मला पुसून काढायला जे शिंपडलं, तेही मीच पुसायचं.

"मी पुसणार न्हाई," मी म्हणाले. "ज्यानं शिंपडलं त्यानं पुसायचं."

आप्पांचा चेहरा लाल झाला. अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही, सरळ मायकडं वळले.

"समजाव पोरीला. नोकरी काय झाडाला लागत न्हाई."

माय घाबरून पायरी चढली. उंबऱ्यापाशी थांबली. आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "पूस की बाई. पुसल्यानं काय झिजतीस का?"

"माय, तू झिजलीस की," मी म्हणाले. "बघ की हात तुझे."

मायनं खरंच आपले हात बघितले. मग तिनं ते पदराखाली घेतले. तिला लागेल असं मी बोलले, हे मला कळत होतं. पण ते खरं होतं आणि कुणीतरी ते बोलायला पाहिजे होतं.

"मग ऊठ तिथनं," अण्णा म्हणाले. आवाज अजून मऊच. "बाळू बसंल."

"न्हाई उठणार. मी इथं कामाला हाय."

"ऊठ म्हनलं ना."

"उठवा. हात लावून उठवा."

हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं आणि मग मलाच कळलं काय बोलले ते.

"बाळ्या, बघतो काय बे? काढ तिला!" आप्पा ओरडले.

बाळू पुढं आला. खुर्चीपाशी थांबला. हात वर केला, तो तसाच राहिला. त्यानं आप्पांकडं बघितलं, आप्पांनी अण्णांकडं. अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. एवढी बाप्या माणसं होती तिथं. मी एकटी, अंगानं काडी. मला उचलून बाहेर टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण मला हात लावला की अंघोळ आली, आणि अंघोळीला पाणी कुठलं?

कुणी हात लावला नाही. त्यांच्याच विटाळानं त्यांचे हात बांधले होते. जे मला जन्मभर बाहेर ठेवत आलं, त्याच्याच जोरावर मी त्या दिवशी आत बसले होते. तरी मला आनंद झाला नाही. आजपर्यंत आम्ही किती वेळा नुसतं "ऊठ" म्हटल्यावर उठलो, तेच डोक्यात घुमत राहिलं.

माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. खिडकीतून एक म्हातारी एवढंच म्हणाली, "घ्या रं लवकर, दूध नासंल." शेवटी आप्पांनी मापं बाहेर नेली आणि ओसरीतच कागदावर लिहून दूध घेतलं. मी उघड्या मशीनपुढं बसून राहिले. शेवटचा कॅन जाईपर्यंत. मग माझी मी उठले, मायला घेतलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला, येऊ नको. पोरीनं मशीन बिघडवलं, वर उर्मटपणा केला, असं गावात सांगितलं गेलं आणि गावानं ते मानलं. वस्तीतलेही काही जण म्हणाले, जरा दमानं घ्यायचं होतंस, पुसलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक वेळची चूल पेटली. माय माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. म्हणून सांगते, मी जिंकले असं कुणी समजू नये.

पण मी हरलेही नाही. पुढं मी पुष्कळ ठिकाणी काम केलं. कुणी गोड बोललं की अजून मला संशय येतो, आणि आता मी तो गिळत नाही, तोंडावर विचारते. त्यापायी दोन कामं गेली. आणखी जातील. जाऊ देत. ज्यांनी घाण केली त्यांनीच ती काढायची. मी काढणार नाही, आणि माझ्या पोटच्या पोरीच्या हातात तर ते पुसायचं फडकं मी कुणालाच देऊ देणार नाही.