आमटीतलं कूट आणि बिचारं दूध

माझ्या बायकोनं पाच महिने दुधाचा चहा सोडला होता, आणि त्यात दुधाचा काडीचाही दोष नव्हता. दोष कुणाचा होता हे मला ठाऊक आहे. सात वर्षं झाली, मी ते कुणाला सांगितलेलं नाही. आता पंचाहत्तरी उलटली, म्हणून लिहून टाकतो.

कमलचं पोट दुखायचं, जुलाब व्हायचे, वजन उतरत चाललं होतं. ओवा झाला, हिंग झाला, "बेंबी सरकलीय" म्हणत शेजारणीनं पोट चोळूनही झालं. (बेंबी होती तिथंच होती.) शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला.

"लहान आतड्याला सूज आहे. ॲलर्जीची," ते म्हणाले. "एखाद्या पदार्थाला शरीर शत्रू समजतं. मग रक्तातल्या पेशी आतड्याच्या अस्तरात गर्दी करतात आणि आपल्याच घराची नासधूस करतात."

"म्हणजे चोर आला चोर आला म्हणून गल्ली जमावी आणि आपल्याच जावयाला बडवावं, तसं?"

"अगदी तसं!"

सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि दूध, गहू, अंडी, सोयाबीन, मासे, शेंगदाणे, सगळं सहा आठवडे बंद. मग एकेक पदार्थ परत सुरू करून गुन्हेगार शोधायचा.

"मग खाऊ काय? वारा?" कमलनं विचारलं.

"ज्वारीची भाकरी चालेल."

आमच्या जिवात जीव आला. सोलापुरात भाकरी चालते म्हटल्यावर माणूस मरत नाही!

मोहोळहून मेहुणी शांता आली आणि तिनं सहा आठवडे डॉक्टरांच्या कागदाबाहेर पाऊल टाकलं नाही. कुटाविना वांग्याची भाजी ताटात अंगावर कपडे नसल्यासारखी लाजून बसायची. पण कमल खडखडीत बरी झाली! मग दुधाचा नंबर लागला. त्याच आठवड्यात शांता मोहोळला परतली, आणि पळी माझ्या हातात आली.

पहिल्या दिवशी मी आमटी केली. डाळ, चिंच, गूळ, काळं तिखट, आणि मूठभर दाण्याचं कूट.

आता तुम्ही म्हणाल, दाणे बंद होते ना? होते की! पण दाणे म्हणजे मूठभर घेऊन तोंडात टाकायचे ते. कूट म्हणजे दाणे, असं सोलापुरात कोण मानतं? कूट घालतात ते आमटी दाट व्हायला! आमच्या आईनं जन्मभर कूट घातलं, पण 'आज दाणे खाल्ले' असं ती कधी म्हणाली नाही.

कमलनं भुरका मारला आणि डोळे मिटले. "अहो, तुमच्या हाताला लई चव हाय की!"

त्रेचाळीस वर्षांच्या संसारातलं हे पहिलं कौतुक! मी रोज आमटी करू लागलो. कूट मुठीवरून ओंजळीवर गेलं.

चौथ्या दिवशी पोट दुखायला लागलं. खटला चालला आणि दूध दोषी ठरलं. कमल कोरा चहा पिऊ लागली. शेजारीण दुधाचा चहा प्यायला लागली, की ही तिच्या बशीकडे बघत बसायची. दूध सोडूनही दुखणं थांबेना, तेव्हा तिनं आमच्या गवळ्याला, मल्लाप्पाला, दारात धरलं.

"काय खाती रं तुजी म्हैस? दुखणं पोटातनं जाईना अजून!"

"वैनी, म्हशीला तुमच्या दारात आणून बांधतो. तुमीच विचारा की तिला!"

चार महिन्यांनी डॉक्टर चक्रावले. "स्वयंपाक कोण करतं?"

"मी!" मी छाती फुगवून म्हणालो.

"आमटीत काय काय घालता?"

"डाळ, चिंच, गूळ, काळं तिखट."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर मला कूट आठवलं. मी तिथंच बसलो.

"काय झालं?" कमलनं विचारलं.

"गुडघा," मी म्हणालो.

त्या दिवसापासून कूट बंद. कमल सुधारली. दूध पुन्हा देऊन पाहिलं, काही झालं नाही. शेवटी दाण्यांचा नंबर आला आणि तीन दिवसांत ती पोट धरून बसली. गुन्हेगार सापडला!

"मग त्या वेळी दूध कसं बाधलं?" तिनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

कमल सरळ माणूस. तिनं मल्लाप्पाला घरात बसवलं, नारळ दिला, त्याच्याच दुधाचा चहा पाजला आणि म्हणाली, "चुकलं बाबा माजं. तुज्या म्हशीलाबी सांग." मी शेजारी उभा राहून गंभीरपणे मान हलवत होतो.

आता ती ठणठणीत आहे. घरात दाणा शिरत नाही. माफी मागायची म्हणून मी सात वर्षांत किती वेळा तोंड उघडलं असेल! परवाही जेवताना धीर केला.

"कमल, ती आमटी..."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "पयल्यासारखी जमत न्हाय आता तुमाला. तवा काय घालत होता हो?"

"प्रेम," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग आता आटलं म्हणायचं!" ती खळखळून हसली आणि तिनं माझ्या वाटीत आणखी एक पळी ओतली.

'माफ कर' हे दोन शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते. मी वरून आमटीचा घोट घेतला आणि ते गिळून टाकले.

(आमटी खरंच बेचव होती.)