इस्माईलचाचांची मागची सीट

इस्माईलचाचांनी दुरुस्त केलेली स्कूटर घरी न्यायची तर चाचांनाही न्यावं लागे. इंजिनाला त्यांचा हात लागला की पहिली फेरी मालकाने मारायची आणि चाचांनी मागे बसायचं, असा त्यांचा दंडक. गिऱ्हाईक एकशे दहा किलोचं असलं, टायर रस्त्याला टेकले, तरी चाचा मागे हजर.

मी पहिल्यांदा स्कूटर नेली तेव्हा असेच चढले.

"चला."

"कुठे?"

"इंजिन गरम होईस्तोवर."

इंजिन गरम झालं ते रत्नागिरीहून एकदम पाली गावाला. उतारावर मी असा काही सुटलो की समोरून येणाऱ्या एसटीने घाबरून स्वतःच रिव्हर्स घेतला. मागे चाचा मात्र खाटेवर बसल्यासारखे निवांत. पालीला चहा पिताना चाचा म्हणाले, "ज्याचा हात नटाला लागला, त्यानं मागं बसायचं. पडलं तर दोघं पडू."

हे स्कूटर-शास्त्र नव्हे, हे मला दोन हजार सालाच्या सुमाराला कळलं. मी तेव्हा कॉम्प्युटर जोडून द्यायचो. चाचांच्या मुलाने कुवेतहून त्यांना एक धाडला होता, नातवंडांचे फोटो बघायला. मी त्यात फोटोंबरोबर विमान उडवण्याचा एक खेळही घातला. चाचांनी खेळातली सगळी विमानं बघितली, अगदी गाय विकत घेताना बघतात तशी, आणि म्हणाले, "ह्यात आमचं नाय."

आमचं म्हणजे मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबातलं जुनं, पिवळं, लाकूड-कापडाचं, पंखांची एकच जोडी असलेलं विमान. उघड्या दोन सीटा, एकीमागे एक. तरुणपणी चाचा तिथे मेकॅनिक होते.

"मग बनवू की," मी म्हणालो. मी काहीही म्हणतो. चाचांनी ते खरं धरलं.

दोन वर्षं आम्ही ते पडद्यावर बनवत होतो. नकाशा नाही, फोटो नाही. चाचा डोळे मिटायचे आणि हवेत हात फिरवायचे. "हितून हितं चार वीत. हितं जोड. हितं कापड जरा सैल, बदलायचं राहिलं होतं." मी त्यांची वीत पट्टीवर मोजायची, इंच करायचे आणि रेघ ओढायची. चाची आतून ओरडायच्या, "घरात विमानतळ काढलाय ह्यांनी! एक दिवस चूल उडून जाईल माझी!"

विमान पुरं झालं आणि आत वैमानिक बसवला, तर तो कमरेपासून वर बाहेर! जणू पाळण्यात बसलेला हत्ती. मी हसून लोळलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर पसरला. बोटं संधिवाताने आखडली होती, अंगठा फाकतच नव्हता.

"विमान बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "तेव्हा माझा हात उघडत होता."

तो जुना हात आता आणायचा कुठून? तो चाचींनी दिला. लग्नाच्या वर्षी चाचांनी स्वयंपाकघरात फळी ठोकली होती, बरोबर सहा वीत. चाचींनी तिच्यावरचे डबे उतरवले, आम्ही फळी मोजली आणि सगळं विमान नव्याने केलं.

मग चाचांनी मला वैमानिक केलं. मी स्टुलावर, हातात विमान वळवायचा दांडा. ते माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत.

"तीनशे फुटांवर इंजिन बंद पडेल असं लाव," म्हणाले.

"का म्हणून?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. एका सकाळी त्यांनी त्या विमानाची पेट्रोलची नळी बदलली होती. पहिल्या फेरीला मागे बसायचे. पण त्याच दिवशी रत्नागिरीची बोट होती, घरी बहिणीचं लग्न होतं. वैमानिक पेस्तनसाहेब म्हणाले, "जा रे इस्माईल, बोट चुकेल. एक चक्कर तर मारायची." चाचा धक्क्यावर गेले. लग्नाच्या दिवशी तार आली. विमान समुद्रात पडलं, साहेब गेले. इंजिन काही सापडलं नाही, त्यामुळे नळी सुटली की आणखी काही झालं, हेही कधी कळलं नाही.

"मागची सीट रिकामी होती," चाचा म्हणाले. बस्स.

मग रोज दुपारी इंजिन बंद पडायचं आणि मी आम्हा दोघांना समुद्रात घालायचो. मुंबईच्या समुद्रातले मासे आम्हाला 'रत्नागिरीवाले आले' म्हणून हाक मारायला लागले. दर वेळी मागून शांत आवाज यायचा, "चल, परत."

त्या पावसाळ्यात चाचांना धाप लागायला लागली. डॉक्टर चाचींशी बाहेर जाऊन बोलायचे. मला वाटलं, हे विमान एकदा तरी सुखरूप उतरलं पाहिजे. मी लबाड माणूस. खेळात 'विमान मोडू नये' अशी एक सोय असते, ती गुपचूप चालू केली. इंजिन बंद पडलं, आम्ही पाण्यावर आपटलो, आणि घसरत घसरत थेट वाळूवर!

"उतरलो, चाचा!" मी नाचलोच.

"मेल्या," मागून आवाज आला, "लाकडाचं विमान पाण्यावरून घसरत किनाऱ्याला लागलं? होडी हाय ती?"

मी मान खाली घातली.

"तुला काय वाटलं, मी विमान वाचवायला बसतो? ते पडलं. मी असतो तरी पडलं असतं, कोण जाणे. पण मी असतो." धाप लागली म्हणून थांबले. "लाव परत. खरं लाव."

मी खरं लावलं. धावपट्टी सुटली, तीनशे फुटांवर आवाज थांबला. समुद्र वर यायला लागला. आणि माझ्या खांद्यावर ती आखडलेली बोटं टेकली.

"साहेब," चाचा म्हणाले, "मी हाय मागं."

पडदा निळा झाला. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. आणि त्या दिवशी 'चल, परत' म्हणाले नाहीत. पुढेही कधी नाही.

दिवाळीआधी चाचा गेले. जनाजा निघाला तेव्हा मोहल्ल्यातली माणसं मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्या घरातले, पुढे या." मी आयुष्यभर वरातीत, सभेत, फोटोत पुढे घुसलेला माणूस. त्या दिवशी मागच्या बाजूला गेलो, खांदा दिला आणि म्हणालो, "असू दे. मी हाय मागं."