माळवदावरच्या कुरडया

कोकणातून लातूरला आले तेव्हा ज्याने त्याने एकच सांगितलं, हवा मानवायला वेळ लागेल. नवऱ्याच्या ऑफिसातले सांगायचे, दूधवाला सांगायचा, किराणा दुकानदारही सांगायचा. जशी काही हवा म्हणजे सासूच, आज ना उद्या नरम पडेल. चाळीस वर्षं होत आली मला मराठवाड्यात. आता नांदेडला स्वतःचं घर आहे, आणि बोलता बोलता माझ्याही तोंडात 'लई' आणि 'हाव' येतं. पण लातूरची ती पहिली हवा मला मानवली नाही ती नाहीच. त्यात उन्हाचा दोष थोडा. बाकीचा कुणाचा ते सांगते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरायच्या, दर महिन्याला बदलून आलेली नवी माणसं उतरायची आणि खोल्या मिळायच्या नाहीत. माझा नवरा सरकारी कारकून, बढती देऊन त्याला इकडे टाकलेला. महिनाभर शोधून आम्हाला एक पत्र्याची खोली मिळाली. मालकीणबाईंच्या अंगणात, त्यांच्या घराला खेटून. त्यांचं घर मात्र माळवदाचं होतं. हातभर जाड भिंती आणि वर लाकूड-मातीचं सपाट छप्पर, त्यामुळे आत भर दुपारीही गारवा. आमचा पत्रा दहा वाजल्यापासून तडतडायला लागायचा. वरून सलग दोन वर्षं पाऊस नाही. गल्लीच्या तोंडाशी टँकर आला की बाया घागरी घेऊन धावत सुटायच्या.

मी समुद्राकडची. आमच्याकडे घाम कसा, मानेवरून ओघळतो, पदराने पुसला की जरा बरं वाटतं. इथं घाम दिसतच नाही मेला. कपाळावर हात फिरवला की मिठाची खर हाताला लागते. ओठ फुटले, टाचा फुटल्या, धुतलेलं पातळ झटकून दोरीवर टाकेपर्यंत निम्मं वाळलेलं. नारळाच्या तेलाची बाटली गावाहून आणली होती, ती डोक्याला कमी आणि टाचांना जास्त लागली. आणि तोंडात सतत धूळ. भात खाल्ला तरी पोट भरलं असं वाटायचं नाही, आणि ज्वारीची भाकरी मला थापता यायची नाही.

ती मालकीणबाईंनी शिकवली. मी त्यांना काकू म्हणायचे. यजमान गावाकडे शेतावर असायचे, इथे त्या आणि त्यांची लग्नाला आलेली मुलगी अशा दोघीच राहायच्या. काकूंना बोलायला माणूस हवं होतं आणि मला तर आईच हवी होती. मला दिवस गेलेले होते. आई माझी लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नावाचं ठिकाण नव्हतं. पहिलटकरीण, परका मुलूख, आणि डोक्यावर पत्रा. नवरा बिचारा काय, फाईलवरची धूळ झटकणारा माणूस, त्याला बाळंतपणातलं काय डोंबल कळणार?

होळीच्या सुमाराला एका दुपारी माझा घोळणा फुटला. नाकातून भळाभळा रक्त. मी घाबरून अंगणात आले आणि मटकन खालीच बसले. काकू धावत आल्या, आधाराला धरून त्यांनी माझ्या टाळूवर पाणी ओतलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी असं डोक्यावर ओतणं म्हणजे काय, ते ज्याने दुष्काळ काढलाय त्यालाच कळेल. एक तांब्या ओतला, मग दुसरा ओतला. कांदा फोडून हुंगायला दिला. माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "लई नाजूक गं पोरी तू. भिऊ नको. तुझं बाळंतपण मी करते. मी हाय की."

मी रडले. रक्ताला घाबरून नव्हे, त्या 'मी हाय की'मुळे.

त्या दिवसापासून माझी वळकटी त्यांच्या माळवदावर गेली. त्या पत्र्याखाली हिला झोपवलं तर पोर आतच शिजेल, असं काकूंनी माझ्या नवऱ्याला स्पष्ट सुनावलं. दिवे लागले की आम्ही तिघी अंगणातल्या दगडी जिन्याने वर जायचो. वर वारा असायचा. लातूर उंचावर आहे, दिवसभर भाजून काढतं पण रात्री तुमच्यावर जरा दया करतं. काकूंची मुलगी माझ्या पोटाला कान लावून बाळाशी गप्पा मारायची. मला त्या माळवदावर इतकी शांत झोप लागायची, की हीच ती हवा मानवणं असेल असं मी समजून चालले.

उन्हाळ्याची कामं निघाली. मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि रुखवतात मांडायला रंगीत कुरडया करायच्या होत्या. कुरडई मी जन्मात केलेली नव्हती. आमच्याकडे आमसुलं वाळतात, सोडे वाळतात, पण चार-चार दिवस लागतात आणि आभाळ आलं की पळापळ. इथं गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा. बदललेलं पाणी काकू थेंबभर सांडू द्यायच्या नाहीत, ते म्हशीला जायचं. चीक त्यांनी शिजवला, सोऱ्या मी फिरवला. मनगटात जोर होता माझ्या. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या, एकीसारखी दुसरी गोल. सकाळी बाजेवर घातलेल्या कुरडया दुपारी कडकडीत वाळायच्या. काकूंनी गल्लीतल्या चार बायकांना बोलावून दाखवल्या, बघा म्हणाल्या, कोकणी पोरीचा हात कसा आहे. मी त्यांना गावाहून आणलेल्या आमसुलांची बाटली दिली. त्यांच्या आमटीत रोज एक पडायला लागलं.

आता जात. कुणी विचारली नव्हती. आमचं आडनाव कोकणात कुणाचंही असू शकतं, आणि मी भात खाते, सुकी मासळी खाते, बोलताना हेल काढते, या सगळ्याला इथे एकच उत्तर होतं, ती कोकणी आहे. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर घरातले देव नदीत सोडले. कोकणात पाऊस धो धो पडतो, चार महिने आभाळ फाटलेलं असतं, तरी आमच्या वाडीचा पाणवठा वेगळाच होता. त्यामुळे जास्त पाणी असलं की माणसाचं मन मोठं होतं, असला भ्रम मला कधी नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, विचारलं तर सांगायचं, नाहीतर कशाला हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, मी लपवणार नाही आणि दवंडीही पिटणार नाही.

जयंतीचा दिवस आला. मी पांढरी साडी नेसले, केसांत फूल माळलं आणि अंगणात आले. काकू कांदे पसरत होत्या.

"कुठं निघालीस गं नटून, एवढ्या उन्हाचं?"

"जयंतीला, काकू."

त्यांनी साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्यांचं उत्तर त्यांनीच शोधलं. "हां, हापिसाचं असल. नोकरीवाल्याला जावंच लागतंय."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर झालं असतं. काकूंनी दार उघडं ठेवलं होतं माझ्यासाठी. पण मला त्या दारातून वाकून जायचं नव्हतं.

"नाही काकू, ऑफिसचं नाही. आमच्या घरची जयंती आहे. बाबासाहेब आमचे."

काकू "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा कांदे पसरायला लागल्या.

संध्याकाळी परत आलो तर जिन्याच्या दाराला कुलूप. काकू अगदी मायेने म्हणाल्या, "माळवदावर माती टाकून चोपायची हाय, बाई. आता वर पाय नको." कालपर्यंत मी 'पोरी' होते, त्या संध्याकाळी 'बाई' झाले. मान वाढला माझा. माती चोपायला पाणी लागतं, आणि गावात प्यायला पाणी नव्हतं, पण ते मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या, तळाला गेलेल्या आडावर पाण्याला गेले, तर काकूंनी पोहरा माझ्या हातातून अलगद काढून घेतला. अशा दिवसांत वाकू नका, तुमचं पाणी आम्हीच भरून ठेवू. तेव्हापासून भरलेली बादली उंबऱ्याबाहेर ठेवलेली असायची. इतकी अदब, इतकी काळजी, की भांडायचं म्हटलं तर बोट कुठे ठेवायचं ते कळू नये. एका शब्दाने वाईट बोलल्या असत्या तर मी त्यांच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली असती. पण 'अशा दिवसांत जपा' म्हणणाऱ्या बाईशी भांडणार कशी?

सातवा महिना, आणि मी पत्र्याखाली. नवरा अंघोळीचं पाणी जपून ठेवायचा, त्यात पोतं भिजवून खिडकीला लावायचा, ते पंधरा मिनिटांत वाळायचं. पाय सुजले. घोळणा पुन्हा फुटला, या वेळी मी माझा कांदा मीच फोडला. आणि वरून, त्या चोपायच्या माळवदावरून, मायलेकींच्या गप्पा ऐकू यायच्या. मातीची गाडी कधी यायची, असं मी एकदा विचारलंच. येईल की, सांगून ठेवलीया, म्हणाल्या. ती गाडी अजून यायची आहे.

तरी माणसाचं मन मेलं किती आशाळभूत असतं बघा. मी स्वतःलाच समजवायचे, असेलही खरंच माती टाकायची. लग्नघर आहे, गडबड आहे. बाळंतपणाचा शब्द दिलाय त्यांनी, तो कुठे मोडलाय? नवऱ्याला म्हणायचे, तुम्हाला उगीच संशय. तो खिडकीचं पोतं पुन्हा भिजवायला घ्यायचा. त्याने माझ्यापेक्षा जास्त भाड्याच्या खोल्या पाहिल्या होत्या.

लग्नाच्या आठवडाभर आधी काकू माझ्या दारात आल्या. काखेत मोठी दुरडी होती, वर फडकं. दुरडी त्यांनी माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्याबाहेर ठेवली. मी फडकं काढलं. आत कुरडया होत्या. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या. सगळ्यात वर आमसुलांची बाटली, अर्धी राहिलेली.

"तुमच्याच हातच्या हायत," काकू म्हणाल्या. "अशा दिवसांत खावं वाटतं काहीबाही."

"सगळ्या, काकू? रुखवताचं काय?"

"बघू की," म्हणाल्या आणि गेल्या.

दुष्काळात गहू सोन्याच्या भावाने मिळत होता. त्या कुरडयांत त्यांचा गहू होता, त्यांनी शिजवलेला चीक होता, त्यांच्या आडाचं पाणी होतं. माझा फक्त हात होता. तेवढ्यासाठी त्यांनी पोरीचं रुखवत रिकामं केलं. मग मात्र मला कुणी काही समजवायची गरज उरली नाही. बाळंतपण कुणी करायचं तेही कळलं. मी उंबऱ्यात बसून रडले, आणि मग उठून कढई ठेवली. अन्न टाकायचं नाही असं आई सांगायची. त्या महिनाभरात मी त्यातल्या कितीतरी तळून खाल्ल्या. फुलायच्या छान.

लग्न त्यांच्या गावी शेतात मांडव घालून झालं. दारात अक्षता ठेवून गेले होते, आम्ही गेलो नाही. मुलगी मला सरकारी दवाखान्यात झाली. डोक्याशी कुणी बाईमाणूस नव्हतं, एक आया होती, तिने हात धरला. पोर दीड महिन्याची असताना नवऱ्याने खटपट करून बिलोलीला बदली घेतली. सामान टेम्पोत चढवताना काकू माळवदावर उभ्या होत्या. हवा मानवली नाही का, असं त्यांनी वरूनच विचारलं. मी पोरीला पदराखाली घेतलं आणि टेम्पोत बसले.

आता नांदेडला दर उन्हाळ्यात मी माझ्या गच्चीवर कुरडया घालते. मागच्या वर्षी एक बाई पत्ता शोधत दारात आली. केस पिकलेले, ओळखलंच नाही मी. "वहिनी, मी," म्हणाली, आणि आवाजावरून कळलं. काकूंची मुलगी. शिरूर अनंतपाळला दिलेली, नातवाला घेऊन नांदेडला दवाखान्यात आली होती. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. ती माझ्या पोटाला कान लावायची. काकू अजून आहेत, म्हणाली, नव्वदीला टेकल्यात.

मी कुरडया तळल्या. तिने एक उचलली आणि हातात धरून बसली.

"आमच्या रुखवतात कुरडयाच नव्हत्या वहिनी. सासूबाईंनी मरेपर्यंत ऐकवलं मला."

"मग आईने काय सांगितलं त्यांना?"

"सांगितलं, वाळत घातल्या होत्या, पाऊस आला अन् भिजल्या."

मला हसूच आवरेना. त्या वर्षी! औषधाला ढग दिसत नव्हता, गुरं छावणीत होती, आणि पाऊस पडला तो नेमका काकूंच्या कुरडयांवर. तीही हसली. हसता हसता डोळे पुसले. ती पोटभर जेवली, पाणी प्यायली, माझ्या मुलीचे, नातवंडांचे फोटो बघितले. मन निवलं माझं. इतक्या वर्षांनी वाटलं, चला, त्या घरातलं एक माणूस तरी आलं.

निघताना म्हणाली, थोड्या कुरडया बांधून द्या, आईला लई आवडतात, दात नाहीत पण चघळते. मी आनंदाने पिशवी भरली. पिशवी तिच्या हातात देताना सहज विचारलं, "सांगशील ना काकूंना, कुणाच्या हातच्या आहेत त्या?"

तिने पिशवीचे बंद आवळले.

"न्हाई वहिनी," म्हणाली. "मग खायची न्हाई ती."

मी पिशवी तिच्या हातातून परत घेतली, कुरडया डब्यात ओतल्या आणि झाकण लावलं.